लाल फुलाच्या मुळाशी कापूस

(जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



मागच्या बैठकीत जेवणाच्या पंगतीत एका तरुण कार्यकर्त्याने मला विचारले, "भाऊ, जगात क्रांत्यांना फुलांची नावे असतात. कुठे गुलाब, कुठे ट्यूलिप. मग आपल्या आंदोलनाला एखादे फूल का नको? लोकांच्या लक्षात राहील आणि पेपरात फोटोही चांगला येईल." मी त्याला म्हणालो, पंगतीत उत्तर देण्याइतका हा विषय लहान नाही, पुढच्या बैठकीत बोलू. आज ते उत्तर द्यायला उभा आहे. निवडणुकीच्या चिन्हांबद्दल बोलणार नाही, तेव्हा कोणी बिचकू नये.

फूल आणि भाकरी हातोहात पाठवून उठावाचा निरोप द्यायचा, ही कल्पना आपल्याला नवी नाही. १८५७ च्या उठावाची गोष्ट आपण शाळेत ऐकली. पलटणीपलटणींतून कमळ फिरले आणि गावोगाव चपात्या फिरल्या. कमळाची गोष्ट परंपरेने सांगतात. चपात्या मात्र खरोखरच फिरल्या. एका गावचा चौकीदार दुसऱ्या गावच्या चौकीदाराला चपात्या देतो आणि तशाच भाजून पुढे पाठवायला सांगतो, हे इंग्रज अधिकाऱ्यांनी त्याच वर्षी कागदावर नोंदवून ठेवले होते. त्याचा अर्थ काय, हे त्यांना शेवटपर्यंत उमगले नाही.

अलीकडच्या काळात ही नावे वाढली. २००३ च्या नोव्हेंबरात जॉर्जिया देशात निवडणुकीत गडबड झाली म्हणून लोक हातात गुलाब घेऊन संसदेत घुसले आणि दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्षांनी राजीनामा दिला. ती गुलाब क्रांती. २००४ साली युक्रेनमध्ये नारिंगी क्रांती झाली. संत्रावाल्या भावांनी खूश व्हायचे कारण नाही. ते मुळात फळाचे नाव नव्हते, एका उमेदवाराच्या प्रचाराचा रंग होता. २००५ साली किरगिझस्तानात ट्यूलिप क्रांती झाली. ट्यूलिपच्या नावाने जे सत्तेवर आले, त्यांना पाच वर्षांनी, २०१० मध्ये, लोकांनीच पळवून लावले.

पण या सगळ्यांच्या आधीची आणि मला सर्वांत जास्त शिकवून गेलेली गोष्ट पोर्तुगालची आहे. तिथे २५ एप्रिल १९७४ रोजी जे झाले त्याला कार्नेशन क्रांती म्हणतात. कार्नेशन म्हणजे काठाला कातरलेल्या पाकळ्यांचे फूल. आपल्याकडे पॉलीहाऊसमध्ये लावतात आणि लग्नाच्या मांडवात दिसते. त्या दिवशी लाल कार्नेशन सैनिकांच्या बंदुकांच्या नळ्यांत खोवले गेले आणि तो फोटो जगभर गेला.

मी कृषी महाविद्यालयात शिकलेला माणूस. काही वर्षे पिकाचे सल्ले देत गावोगाव फिरलो, मग या कामात पडलो. झाडावर फूल दिसले की आधी बुडाशी उकरून मूळ बघायचे, ही जुनी खोड. या फुलाचे मूळ बघायला गेलो तर खाली काय सापडले? कापूस सापडला. म्हणून आज ही गोष्ट तुम्हाला सांगायची आहे.

आधी तो दिवस सांगतो.

पोर्तुगालमध्ये १९२६ साली लष्कराने सत्ता बळकावली. १९३२ मध्ये सालाझार पंतप्रधान झाला आणि १९६८ पर्यंत, म्हणजे छत्तीस वर्षे, हलला नाही. त्याच्यामागे कायतानो आला. एकूण अठ्ठेचाळीस वर्षे हुकूमशाही. वर्तमानपत्रावर सेन्सॉर, संपाला बंदी आणि घराघरात गुप्त पोलिसांची भीती. १९७४ साली सैन्यातल्या तरुण कप्तानांनी ठरवले की हे संपवायचे. त्यांचा इशारा रेडिओवरून ठरला होता. २५ एप्रिलला रात्री बारा वाजून वीस मिनिटांनी जोझे आफोन्सो यांचे 'ग्रान्दोला, विला मोरेना' हे गाणे वाजले आणि ठिकठिकाणच्या तुकड्या निघाल्या. ग्रान्दोला हे दक्षिणेतल्या आलेंतेजो प्रांतातले गाव. या प्रांताचे नाव लक्षात ठेवा, पुन्हा तिथेच यायचे आहे.

सकाळी रणगाडे लिस्बन शहरात आले. कप्तान रेडिओवरून सांगत होते की लोकांनी घरातच थांबावे. लोकांनी ऐकले नाही, ते रस्त्यावर आले. समोर आलेल्या सरकारी रणगाड्यांवरच्या शिपायांनी गोळी झाडायचा हुकूम पाळला नाही.

त्याच शहरात सेलेस्ते कायरो नावाची एक बाई एका खानावळीत कामाला होती. खानावळ उघडून त्या दिवशी एक वर्ष झाले होते. मालकाने गिऱ्हाइकांना वाटायला कार्नेशन आणून ठेवली होती. रस्त्यावर रणगाडे बघून मालक म्हणाला, आज बंद, फुले फुकट जातील, तुम्हीच घरी घेऊन जा. बाई फुलांचा जुडगा घेऊन निघाली. वाटेत एका सैनिकाने तिच्याकडे सिगारेट मागितली. सिगारेट नव्हती. तिने फूल दिले. त्याने ते बंदुकीच्या नळीत खोवले. मग तिने उरलेली फुले इतर सैनिकांना वाटली. पुढे फूलवाल्या बायांनीही आपापल्या टोपल्या मोकळ्या केल्या. एवढीच त्या फुलाची हकीकत. कोणत्याही बैठकीत ते ठरले नव्हते. सेलेस्तेबाई २०२४ च्या नोव्हेंबरात, एक्क्याण्णव वर्षांच्या होऊन वारल्या.

संध्याकाळपर्यंत कायतानो शरण आला. रक्त अजिबात सांडले नाही असे सांगतात, ते खरे नाही. गुप्त पोलिसांनी आपल्या कचेरीसमोर जमलेल्या गर्दीवर गोळ्या झाडल्या, त्यात चार माणसे गेली. त्यांच्या हातात बंदुका नव्हत्या. फुलाच्या फोटोत ही चार माणसे दिसत नाहीत.

आता बुडाशी उकरून बघू. हे सैनिक आपल्याच सरकारवर का उलटले? सैन्य सहसा असे करत नाही.

ते लढाईला कंटाळले होते. अंगोला, गिनी आणि मोझांबिक या आफ्रिकेतल्या तीन देशांवर पोर्तुगालचे राज्य होते. तिथे १९६१ पासून १९७४ पर्यंत तेरा वर्षे युद्ध चालले. गरीब घरातल्या पोरांना सक्तीने भरती करून तिकडे पाठवत. लाखो तरुण लढाई आणि भरती चुकवायला किंवा पोटासाठी देश सोडून फ्रान्समध्ये मजुरीला गेले. जिंकता येत नाही आणि सोडताही येत नाही अशी लढाई. सालाझारला सोडणे माहीत नव्हते. आपल्या गोव्याचेच बघा. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय फौजा गोव्यात शिरल्या तेव्हा त्याने तिथल्या गव्हर्नरला हुकूम धाडला होता की शरण जायचे नाही, मरेपर्यंत लढा. गव्हर्नरने शहाणपणा केला, १९ डिसेंबरला शरणागती लिहून दिली आणि माणसे वाचवली. त्याबद्दल सालाझारने त्याला सैन्यातून काढून टाकले. त्याला परत मान मिळाला तो १९७४ च्या क्रांतीनंतर.

आणि ही लढाई पेटली कशी? अंगोलात कासांजे म्हणून सखल मुलूख आहे. तिथे कोतोनांग नावाच्या कंपनीला कापसाची मक्तेदारी दिलेली होती. शेतकऱ्याने कापूस लावलाच पाहिजे, ठरवून दिलेल्या क्षेत्रात लावलाच पाहिजे आणि विकायचा तो कंपनीलाच, ठरवून दिलेल्या भावाने. एकच गिऱ्हाईक असले म्हणजे भावाचे काय होते, हे तुम्हाला मी सांगायला नको. १९६१ च्या जानेवारीत कासांजेच्या शेतकऱ्यांनी सांगितले, कापूस लावत नाही. त्यांनी सरकारी ओळखपत्रे जाळली. सरकारने उत्तर दिले ते विमानातून बाँब टाकून. किती माणसे मेली याचा हिशेब कोणी नीट ठेवला नाही. कोणी शेकड्यांत सांगतो, कोणी हजारांत. अंगोलाच्या लढाईची सुरुवात तिथून धरतात.

मोझांबिकची गोष्ट याहून जुनी. तिथे १९३८ पासून सरकारी कापूस मंडळ आले आणि मुलूख कंपन्यांना वाटून दिला. लाखो कुटुंबांवर कापसाची सक्ती झाली. कापसावर नजर ठेवायला मुकादम आणि शिपाई, कुचराई दिसली की फटके. आता शेतकरी म्हणून विचार करा. पेरणी, डवरणी, निंदण ही सगळी कामे कापसाला ज्या दिवसांत लागतात, त्याच दिवसांत ज्वारीलाही लागतात. माणसे तेवढीच, हात तेवढेच. ते हात सक्तीने कापसात घातले, तर ज्वारीचे काय होणार? ज्वारी मागे पडली. लोक कसाव्हा लावू लागले, म्हणजे ज्याच्यापासून आपल्याकडे साबुदाणा करतात तो कंद. त्याला मेहनत कमी लागते. पण अन्न म्हणून तो ज्वारीपुढे हलका. माणसे अर्धपोटी राहू लागली आणि काही ठिकाणी दुष्काळ पडले.

त्या शेतकऱ्यांनी काय केले असेल? मोर्चा काढायची सोय नव्हती. त्यांनी कापसाचे बी गुपचूप भाजून किंवा शिजवून पेरले. उगवणारच नाही! मग साहेबाला सांगायचे, बघा, आमची जमीन कापसाला चालत नाही. मी उगवणशक्तीचे प्रयोग करून परीक्षा पास झालेला माणूस, पण हा प्रयोग आमच्या पुस्तकात नव्हता. काही जण रात्रीतून गाव सोडून सरहद्दीपलीकडे गेले. असे तेवीस वर्षे चालले. १९६१ मध्ये ही सक्ती कागदावर उठली, ती कासांजे पेटल्यावर.

म्हणजे आता ओळ लावा. कापसाची सक्ती झाली, त्यातून उठाव झाला, उठावातून तेरा वर्षांची लढाई आली, लढाईला कंटाळून कप्तान उलटले आणि कप्तानांच्या बंदुकीत फूल आले. हे एकच कारण होते असे मी म्हणत नाही. पण लिस्बनच्या चौकात जे लाल फूल दिसले, त्याच्या मुळाशी अंगोला आणि मोझांबिकचा कापूसवाला होता. तो फोटोत नाही. त्याच्या पिकाचे नाव क्रांतीला मिळाले नाही. ते मिळाले एका खानावळीच्या वाढदिवसाच्या फुलाला.

सेलेस्तेबाईंना मी कमी लेखत नाही. हातात जे होते ते त्यांनी दिले आणि त्या फुलाने गर्दीची आणि सैनिकांची भीती घालवली. फुलाचे हे काम मोठेच आहे. फूल दिसले की गोळी झाडणारा क्षणभर थांबतो. पण फुलाचे काम तिथे संपते.

आता आलेंतेजोला जाऊ. हा प्रांत म्हणजे त्या देशाचा कोरडवाहू मुलूख. पाऊस हिवाळ्यात पडतो, उन्हाळा कडक. गहू, ऑलिव्ह आणि बुचाची झाडे. जमीन हजारो एकरांच्या इस्टेटींत आणि कित्येक मालक राहायला लिस्बनमध्ये. मजूर भूमिहीन. सकाळी गावच्या चौकात उभे राहायचे, मुकादम येऊन निवडून नेणार. जो बोलका तो वगळला जाणार. सुगी संपली की काम बंद, चूल बंद.

तिथे १९५४ च्या मे महिन्यात, गव्हाच्या कापणीच्या दिवसांत, कातारिना युफेमिया नावाची सव्वीस वर्षांची मजूर बाई इतर बायांबरोबर मजुरी वाढवून मागायला गेली. एका पोलीस अधिकाऱ्याने तिला गोळ्या घातल्या. तिच्या कडेवर तान्हे मूल होते असे सांगतात. आठ वर्षांनी, १९६२ मध्ये, त्याच मुलखातल्या मजुरांनी संप केले. संपाला बंदी असताना केले. मागणी काय होती? दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत काम करणार नाही, आठच तास करू. आणि त्यांनी ती मागणी मिळवली. हुकूमशाही असताना, फूल यायच्या बारा वर्षे आधी मिळवली. त्या संपाला कोणत्याही फुलाचे नाव नाही.

क्रांती झाली तेव्हा या मजुरांना वाटले, आता आपले राज्य आले. मे १९७४ मध्ये नव्या सरकारने देशात पहिल्यांदा किमान वेतन जाहीर केले. चांगली गोष्ट झाली. फक्त सुरुवातीला त्यातून दोन वर्गांना वगळले होते, घरकाम करणाऱ्यांना आणि शेतमजुरांना. टाळ्या वाजवताना यादी वाचायची असते ती यासाठी.

मग मजुरांनी वाट बघणे सोडले. १९७५ सालभर ते पडीक इस्टेटींत शिरले आणि नांगर धरला. सरकारने मागाहून कायदा केला. अकरा लाख हेक्टरांहून अधिक जमीन ताब्यात आली आणि पाचशेच्या आसपास सामुदायिक शेती संस्था उभ्या राहिल्या. जिथे वर्षाचे काही महिनेच काम मिळत होते, तिथे हजारो माणसांना बारमाही काम मिळाले. पडीक रान पेरले गेले.

पुढे काय झाले? १९७७ मध्ये नवा कायदा आला आणि जुन्या मालकांना जमीन परत द्यायला सुरुवात झाली. मजुरांनी विरोध केला, पोलीस आले, गोळीबारही झाला. १९९० पर्यंत त्या संस्था जवळजवळ संपल्या होत्या.

का संपल्या? अनेक कारणे सांगतात. त्यातली दोन तुमच्या कामाची आहेत.

पहिले कारण सातबाऱ्याचे. आपल्या भाषेत सांगायचे तर सातबारा मजुरांच्या नावाने झालाच नाही. मालकाचे नाव कमी झाले आणि सरकारचे चढले. मजुरांकडे फक्त कसण्याची मुभा होती. तेव्हा ती कोणाला खटकली नाही, कारण सरकार आपलेच वाटत होते. सरकार बदलले, मन बदलले आणि ज्याच्या नावावर कागद त्याने जमीन काढून घेतली.

दुसरे कारण त्याहून कडू आहे. पोर्तुगालच्या उत्तरेत आपल्यासारखे छोटे शेतकरी आहेत. दोन-चार एकर, द्राक्षे, मका, एखादी गाय. त्यांना वाटले, दक्षिणेतली इस्टेट घेणारे उद्या आपलाही बांध फोडतील. कोणी त्यांच्याकडे जाऊन नीट बोलले नाही, उलट भीती घालणारे पोहोचले. म्हणून उत्तरेचा शेतकरी दक्षिणेच्या मजुराच्या विरोधात उभा राहिला. दोघेही गरीब, दोघेही अठ्ठेचाळीस वर्षे दबलेले. हातात दोघांच्याही तेच लाल फूल होते. फुलाने त्यांना एक केले नाही.

क्रांती फसली असे मी म्हणत नाही. जे टिकले तेही सांगितले पाहिजे. क्रांतीच्या दुसऱ्याच रात्री काशियासच्या तुरुंगाचे दरवाजे उघडले आणि राजकीय कैदी बाहेर आले. याच काशियासमध्ये गोवा मुक्तीसाठी लढलेले आपल्या सांगलीचे मोहन रानडे १९६९ पर्यंत डांबलेले होते. बरोबर एक वर्षाने, २५ एप्रिल १९७५ ला, मोकळी निवडणूक झाली आणि शंभरातल्या एक्क्याण्णवांहून जास्त मतदारांनी मत दिले. मोझांबिक आणि अंगोला त्याच वर्षी स्वतंत्र झाले. ३१ डिसेंबर १९७४ ला पोर्तुगालने गोवा भारताचा असल्याचे करारावर सही करून मान्य केले. आज पन्नासहून अधिक वर्षे तिथे लोकशाही चालू आहे. जे कायद्यात आणि करारात उतरले आणि ज्याच्यामागे माणसे उभी राहिली, ते टिकले.

तुम्हाला झाडाची भाषा कळते. पऱ्हाटीला जेवढी पाती लागतात तेवढी बोंडे होत नाहीत. निम्म्याहून जास्त पाती, फुले आणि लहान बोंडे गळून जातात. पाण्याचा ताण पडला की गळ, ढगाळ राहिले की गळ, कीड आली की गळ. फुलांनी भरलेले शेत बघून व्यापाऱ्याकडे उचल मागायला कोणी जात नाही. वेचणी होऊन घरात येईल ते खरे. आंदोलनाचे यापेक्षा वेगळे नाही. ज्या दिवशी फोटो निघतो, त्या दिवसापासून गळ थांबवायचे काम सुरू होते. आपण मात्र नेमके त्याच दिवशी घरी जातो.

आणखी एकच उदाहरण सांगतो. ट्युनिशिया हा उत्तर आफ्रिकेतला देश. तिथल्या सिदी बूझिद गावात मोहम्मद बुआझिझी हा सव्वीस वर्षांचा तरुण हातगाडीवर फळे आणि भाजी विकत होता. १७ डिसेंबर २०१० ला नगरपालिकेच्या लोकांनी त्याचा माल आणि वजनकाटा जप्त केला. तक्रार ऐकायला कोणी भेटेना. त्याने कचेरीसमोर स्वतःला जाळून घेतले आणि ४ जानेवारीला तो गेला. दहा दिवसांनी, तेवीस वर्षे सत्तेवर बसलेला राष्ट्राध्यक्ष देश सोडून पळाला. जगातल्या वर्तमानपत्रांनी याला नाव दिले 'जास्मिन क्रांती', म्हणजे चमेलीची. चमेली तिथल्या किनाऱ्यावरच्या शहरांत, पर्यटकांच्या हॉटेलात दरवळते. सिदी बूझिद आतल्या कोरड्या मुलखातले शेतीचे गाव. तिथले लोक म्हणाले, आमचे नाव चमेली नाही, आमची ती सन्मानाची क्रांती. गाडीवर फळे होती, नाव मात्र फुलाचे पडले. नाव ठेवणारा दुसरा असला की असे होते. तिथे दहा वर्षे लोकशाही चालली. पण आतल्या मुलखाला काम मिळाले नाही, लोक वैतागले आणि २०२१ च्या जुलैत राष्ट्राध्यक्षाने संसद बंद पाडली तेव्हा रस्त्यावर त्याच्यासाठीही जल्लोष झाला. मिळालेले हातचे गेले ते असे.

आता लांबची गोष्ट सोडून माझ्या स्वतःच्या चुकीची सांगतो.

२०१७ साली गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला ते तुम्ही विसरला नसाल. बोंड बाहेरून चांगले आणि फोडले की आत कवडी. आम्ही एका तालुक्याच्या ठिकाणी पंचनाम्यासाठी धरणे धरले. सहा दिवस बसलो. रात्रीची थंडी, बायामाणसे सोबत. सहाव्या दिवशी अधिकारी आले, मंडपात येऊन आश्वासन दिले, सगळ्या गावांचे पंचनामे होतील. आम्ही टाळ्या वाजवल्या. मीच पुढे होऊन त्यांना झेंडूचा हार घातला. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, हार आणि हसरे चेहरे. तो फोटो माझ्या आईने कापून ठेवला.

पुढे पंचनामे झाले, पण सगळे नाहीत. एका गावात काही शेतकऱ्यांची नावे यादीत आलीच नाहीत. ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, भाऊ, आमचे काय? मी कचेरीत गेलो. साहेब बदलून गेले होते. नव्या साहेबांनी विचारले, आश्वासन लेखी आहे का? नव्हते. पंचनाम्याची नक्कल आहे का? नव्हती. कोण कोण धरण्याला होते आणि कोणाचे किती क्षेत्र, याची तरी यादी? तीही नव्हती. माझ्याकडे एक फोटो होता. त्यात साहेबांच्या गळ्यात हार होता.

त्या यादीबाहेर राहिलेल्यांत एक म्हातारे गृहस्थ होते. ते मला रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "हार घालायच्या आधी सही घ्यायला पाहिजे होती, बाबा." आठ वर्षांहून जास्त काळ लोटला, ते वाक्य मी विसरलेलो नाही. दोष कचेरीचा होताच. पण माझ्या हातून जी गळ झाली तिचा दोष मी कोणावर घालू?

तेव्हा आपल्या तरुण मित्राला माझे उत्तर असे. फूल घ्यायला माझी हरकत नाही. कापसाचे घ्या. सकाळी पिवळसर पांढरे उमलते, दुसऱ्या दिवशी गुलाबी होते आणि मग गळते. पाठीमागे बोंड धरले तर दीड महिन्याने कापूस फुटतो. पण फूल आपण ठरवायचे नसते. सेलेस्तेबाईंनी ते ठरवून आणले नव्हते. वेळ आली की कोणाच्या तरी हातातून ते येईल. आपण ठरवायचे ते त्याच्या आधीचे आणि नंतरचे काम.

आधीचे काम म्हणजे माणसे जोडणे. पोर्तुगालमध्ये उत्तर आणि दक्षिण तुटली, तशी आपल्याकडे पाच एकरवाला आणि रोजाने वेचणीला येणारी बाई तुटलेली असेल, तर पहिल्या वाऱ्यात आपली फुले गळतील. वेचणीचा दर आणि कापसाचा भाव हे दोन्ही प्रश्न एकाच बैठकीत, दोघांसमोर बोलले गेले पाहिजेत. अवघड आहे, मला माहीत आहे. माझ्याच गावात ते अजून पुरते जमलेले नाही.

नंतरचे काम म्हणजे कागद. प्रत्येक गावात एक वही. आंदोलनाला कोण आले, कोणाचे किती क्षेत्र, काय मागितले, कोणी काय कबूल केले, कोणत्या तारखेला, सही कोणाची, नक्कल कुठे ठेवली. वही लिहिणारी दोन माणसे, त्यातली एक बाई असावी. घरातला हिशेब कोण लक्षात ठेवते हे आपण सगळे जाणतो. आश्वासन मिळाल्यावर तीस दिवसांनी त्याच कचेरीत, तीच वही घेऊन, निदान दहा माणसांनी परत जायचे. फोटोवाला येणार नाही, तरी जायचे.

आज इथे ज्या गावांची माणसे आहेत त्यांनी जाताना मागच्या टेबलावर गावाचे नाव आणि वही सांभाळणाऱ्या दोघांची नावे लिहून द्यावीत. ज्वारीच्या हुरड्याच्या दिवसांत पुढची बैठक घेऊ. त्या वेळी हार आणू नका, वह्या आणा. मी माझ्या गावची घेऊन येतो आणि त्यात काय राहिले आहे ते पहिल्यांदा मीच वाचून दाखवीन.

एवढे बोलून थांबतो.